‘किरकोळ’ फेरफार

शाळेतील मुलांनी अभ्यासक्रमाविषयी तोंड उघडले की आपल्याकडील जाणत्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पोरांनी पाठ करावे, काय पाठ करावे हे ठरविणारे समर्थ आहेत, हा उपदेश आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या बैठकींतून आणि गणेशोत्सवाच्या मांडवांतून पुष्कळदा ऐकला आहे. बदलीच्या नोकरीमुळे प्रांतोप्रांती बिऱ्हाड थाटणाऱ्या आम्हां लोकांनी तरी हा उपदेश इतक्या सहजपणे करू नये. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या मराठी मुलाला पराक्रम म्हणून ठाऊक असतात. कलकत्त्यास बदली झाली की त्याच मुलाला कळते, की तेथील अंगाईगीतांत ‘बर्गी’ हे मुलांना भिवविण्याचे नाव आहे. इतिहास कोण सांगतो याला महत्त्व असते, हे आम्हांला कोणी व्याख्यान देऊन शिकवावयास नको.

म्हणून तैवानमधील २०१५ सालच्या विद्यार्थी आंदोलनाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्याचा उगम रस्त्यावर नव्हता. तो एका सरकारी टिपणात होता, आणि टिपण हा तर आमच्या रोजच्या व्यवहारातला विषय आहे.

कुओमिंतांग पक्षाचे मा यिंग-जिऊ राष्ट्राध्यक्ष असताना, २०१४ च्या आरंभी, तेथील शिक्षण मंत्रालयाने उच्च माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात ‘किरकोळ फेरफार’ जाहीर केले. मुद्रणदोष काढणे, मजकुराची पूर्तता करणे आणि राज्यघटनेशी सुसंगती तपासणे, एवढाच आपला हेतू असल्याचे मंत्रालय सांगत होते. तपासणी करणाऱ्या गटाचे प्रमुख होते वांग श्याओ-पो. हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि चीनशी एकीकरणाचे उघड पुरस्कर्ते. प्रत्यक्षात ‘जपानी राजवट’ या शब्दांच्या जागी ‘जपानी वसाहती राजवट’ आली. १९४५ साली चीनच्या राष्ट्रीय सरकारने बेटाचा ‘ताबा घेतला’ असे जेथे होते, तेथे ते बेट ‘परत मिळविले’ असे झाले. ‘चीन’ची ‘चिनी मुख्यभूमी’ झाली. टीकाकारांच्या मोजणीप्रमाणे तैवानच्या इतिहासाच्या भागातील निम्म्याहून अधिक मजकुराला हात लागला होता.

दोनचार शब्दांवरून एवढे रामायण कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की १८५७ च्या उठावाला ‘शिपायांचे बंड’ म्हणावयाचे की ‘स्वातंत्र्यसमर’, हा वाद आमच्या वाडवडिलांना किरकोळ वाटला नव्हता. ‘ताबा घेतला’ या शब्दांत एक घटना आहे. ‘परत मिळविले’ या शब्दांत त्या घटनेवरचा निकाल आहे. ज्या बेटाने १९४७ साली सरकारी गोळीबार आणि कत्तल पाहिली, आणि त्यानंतर १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षे लष्करी कायद्याखाली काढली, तेथील मुलाने या निकालावर सही करण्यापूर्वी प्रश्न विचारला, तर त्यात उद्धटपणा कोणता?

‘किरकोळ’ या शब्दाची करामत आम्हां कारकुनांइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? जे उघडपणे मांडले तर चर्चा होईल, ते शुद्धिपत्रकात घालावे. जो निर्णय वरून आला आहे, तो तज्ज्ञांच्या शिफारशीच्या वेष्टनात बांधावा. आणि कोणी विचारलेच, तर बैठकीचे इतिवृत्त गोपनीय आहे असा शेरा मारावा. तैपेईत नेमके हेच घडले. कोणी काय मत दिले याची कागदपत्रे मंत्रालयाने दाबून ठेवली. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये तैपेईच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उघड करावी असा निर्णय दिला. तरीही ऑगस्टपासून नवा अभ्यासक्रम लागू करण्याचा मंत्रालयाचा हट्ट सुटला नाही.

मुलांनी आधी शाळाशाळांतून निषेध केला, निवेदने दिली, सभा भरविल्या. २३ जुलैच्या रात्री काही जण मंत्रालयात घुसले. तेहतीस जणांना अटक झाली, त्यांत चोवीस विद्यार्थी होते आणि वार्ताहरही होते. आठवड्याभरात आंदोलनातील एका तरुणाने जीव दिला. त्या मृत्यूचे भांडवल करण्याची आमची इच्छा नाही. पण त्यानंतर मंत्रालयाच्या आवारात रात्री काढणाऱ्या मुलांना ‘हुल्लडबाज’ म्हणणे आमच्या लेखणीला तरी जमणार नाही. ६ ऑगस्टला, वादळ बेटावर येऊन ठेपले असता, ती मुले आपण होऊन उठली.

विरोधकांचे आक्षेप आम्ही टाळीत नाही. पहिला आक्षेप असा, की जपानी राजवट वसाहतीच होती. मग खरा शब्द घातला तर बिघडले काय? शब्द खरा आहे, हे आम्हांलाही मान्य. पण खरा शब्द राजमार्गाने यावा, मागल्या दाराने नव्हे. जपानला विशेषण लावण्याची जी तत्परता दिसली, ती स्वकीय सरकारच्या दडपशाहीचे वर्णन करताना दिसली नाही, हीच मुलांची तक्रार होती. दुसरा आक्षेप, मुले विरोधी पक्षाच्या हातातील बाहुली होती. विरोधी पक्षाला लाभ झाला असेल. पण लाभ कोणाला झाला यावरून मागणी खोटी ठरत नाही. तिसरा आक्षेप शिस्तीचा. त्यासाठी अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या जेफरसन परगण्याकडे पाहावे. २०१४ च्या सप्टेंबरात तेथील शाळामंडळाच्या एका सदस्येने सुचविले, की इतिहासाच्या अभ्यासाने देशभक्ती आणि अधिकाराविषयी आदर वाढवावा, कायदेभंगाला उत्तेजन देऊ नये. ज्या राष्ट्राच्या जन्मकथेत १७७३ साली बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या बुडविल्याचा प्रसंग अभिमानाने सांगतात, त्या राष्ट्रात ही सूचना! शेकडो मुले वर्गांतून बाहेर पडली. सूचना मवाळ करावी लागली, आणि २०१५ च्या नोव्हेंबरात मतदारांनी मंडळाच्या तिघा सदस्यांना परत बोलाविले. सत्तेला अडचणीचा भाग गाळून उरतो त्याला शिस्त म्हणत असतील, पण इतिहास म्हणता येणार नाही.

तैवानात २०१६ साली सरकार बदलले आणि मे महिन्यात नव्या शिक्षणमंत्र्यांनी ते फेरफार रद्द केले. येथे टाळ्या वाजवून थांबणारांशी आमचे पटत नाही. जे एका मंत्र्याच्या सहीने आले आणि दुसऱ्याच्या सहीने गेले, ते तिसऱ्याच्या सहीने पुन्हा येऊ शकते. मुलांचा खरा विजय दुसरीकडे आहे: अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना कायद्याने जागा मिळाली.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि गावोगावची दप्तरे धुंडाळीत जन्म घालविला, तो एकाच आग्रहापायी: सांगू नका, कागद दाखवा. तैपेईच्या पोरांनी आपल्या मंत्रालयाला यापेक्षा निराळे काय सांगितले? राजवाड्यांचे नाव घेऊन आपण आदराने हात जोडतो; मग तोच आग्रह सोळा वर्षांच्या मुलाने धरला असता त्याला गप्प बसविण्याचा आपल्याला अधिकार काय? आपल्या घरातील मुलगा उद्या पाठ्यपुस्तक पुढे करून विचारील, हा परिच्छेद मागल्या आवृत्तीत होता, तो कोणी आणि का काढला? तेव्हा त्याला ‘परीक्षेत येत नाही’ असे उत्तर देऊ नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर बसून जुनी आवृत्ती शोधावी. सरकारी नोकरीच्या कोणत्याही नियमाने याला मनाई केलेली नाही.