जठरांतील जंतु व आंतड्यांतील कोंब

एका वाचक भगिनीनें विचारलें आहे, कीं मामंजींच्या जठरांत 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नांवाचे जंतु सांपडले व औषधानें ते गेलेही. मग मोठें आंतडें दुर्बिणीनें पाहण्याचा डॉक्टरांचा आग्रह कशासाठीं? मामंजी तर म्हणतात, रक्त पडतें तें मूळव्याधीचें. प्रश्न एकाच घरचा नव्हे, म्हणून येथें घेतों.

ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनीं १९८२ सालीं हे जंतु प्रयोगशाळेंत वाढविले. तोंवर जठरव्रणाचा दोष काळजीवर व तिखटावर जात असे. कोणी मानीना, तेव्हां १९८४ मध्यें मार्शल स्वतःच ते जंतु प्याले व आजारी पडले! २००५ मध्यें उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें. जठराच्या कर्करोगाचें हे जंतु एक कारण होत, हें १९९४ पासून मान्य आहे.

आंतड्याची गोष्ट निराळी. मोठ्या आंतड्याच्या अस्तरावर कधीं कधीं लहान कोंब उगवतात. डॉक्टर त्यांस 'पॉलिप' म्हणतात. त्यांपैकीं 'ॲडेनोमा' जातीच्या कांहींचें, बहुधा दहा वर्षें वा अधिक काळानें, कर्करोगांत रूपांतर होतें. ज्यांच्या जठरांत हे जंतु, त्यांच्यांत असे कोंब कांहींसे अधिक आढळतात, असें अनेक पाहण्यांत दिसलें आहे. अमेरिकेंतील आठ लाखांहून अधिक माजी सैनिकांची पाहणी २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली; तींत जंतु असलेल्यांत आंतड्याचा कर्करोग सुमारें १८ टक्के अधिक निघाला, आणि उपचार न घेतलेल्यांत, घेतलेल्यांच्या मानानें, सुमारें २३ टक्के अधिक.

न्यायशास्त्राचा विद्यार्थी येथें थबकेल. अन्वय दिसला, व्यतिरेकाचें काय? आपल्या देशांत हे जंतु घरोघर, तरी आंतड्याचा कर्करोग पाश्चात्त्यांहून कमीच. शिवाय उपचार पुरा करणारा मनुष्य बहुधा इतर पथ्येंही पाळणारा असतो. जंतूंमुळें 'गॅस्ट्रिन' नांवाचा स्राव वाढतो व तो आंतड्यांतील पेशींस पोसतो, अशी एक उपपत्ति आहे. ती सिद्ध झालेली नाहीं. हा सारा काकतालीय न्यायच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण एवढ्यावरून कावळ्यास फांशी देतां येत नाहीं.

मामंजींनीं औषधाचा क्रम पुरा केला तें उत्तम. जठरासाठीं तो हवाच होता. परंतु त्यानें आंतड्यांत उगवलेला कोंब गळून पडत नाहीं. तो दुर्बिणीनें शोधावा लागतो, व पुष्कळदां त्याच वेळीं काढतांही येतो. मग त्याच्यापासून कर्करोग होण्याचें भय उरत नाहीं. उतारवयांत रक्त पडूं लागलें, किंवा कारणावांचून अंगांतलें रक्त कमी झालें, तर तपासल्याशिवाय 'मूळव्याध' हा शब्द उच्चारूं नये. मूळव्याध असलेल्यास कोंब होत नाहीं, असा कोठें नियम आहे?

वडील मंडळी असलें दुखणें सुनेपाशींच काय, मुलापाशींही बोलत नाहींत. येथें तें उघडें झालें आहे, तर आतां दिवस घालवूं नयेत. आदले दिवशीं पातळ पदार्थांवर राहून, रेचक घेऊन कोठा साफ करावा लागतो. एकादशी करणाऱ्यास तें जड जाऊं नये. मात्र ती एकादशी निर्जळी नव्हे, पाणी भरपूर प्यावें. आणि रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास डॉक्टरांस आधींच सांगावें.