मोहर आणि रुजुवात

एकाच मूळ संहितेवरून, त्याच साधनांनी, कोणीही आणि कोठेही पॅकेज बांधले तरी ते बाइटागणिक तेच निघाले पाहिजे, हा जो आग्रह डेबियनच्या मंडळींनी २०१३ पासून धरला आणि जो पुढे इतर लिनक्स वितरणांतही पसरला, त्याला आक्षेपक निव्वळ सोवळेपणा म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की, भांडाराच्या सूचीवर वितरणाची डिजिटल स्वाक्षरी असते, सूचीत प्रत्येक पॅकेजाचा हॅश असतो. मग फायलीत उमटलेली बांधणीची वेळ, डिरेक्टरीचे नाव, फायली वाचण्याचा क्रम असल्या किरकोळ भेदांपायी माणसांनी वर्षे का खर्ची घालावीत?

या युक्तिवादात मोहर आणि मजकूर यांची गल्लत झाली आहे. दस्तऐवज कोणत्या कचेरीतून निघाला एवढेच मोहर सांगते. नक्कल अस्सलबरहुकूम आहे की नाही, हे रुजुवात घेतल्याखेरीज कळत नाही. २०२० साली उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात (ते लिनक्सचे नव्हे, पण रोग तोच) घुसखोरांनी ऐन बांधणीच्या वेळी संहितेची फाईल बदलली, आणि त्या दूषित मालावर कंपनीची खरीखुरी स्वाक्षरी उमटली.

आता किरकोळ भेदांविषयी. दोन बांधण्यांत शंभर निरुपद्रवी भेद असले, की एकशे एकावा उपद्रवी भेद त्या गर्दीत बिनबोभाट खपून जातो. म्हणून यंत्राच्या घड्याळाऐवजी बदलांच्या नोंदीतील शेवटची तारीख 'सोर्स डेट इपॉक' या चलातून पुरवणे, फायलींचा क्रम ठरवून देणे, ही कामे कारकुनी वाटली तरी त्यांवाचून रुजुवात अशक्य आहे.

राहिला एक्सझेड या फाईल-संक्षेपक साधनातील चोरवाटेवरून घेतला जाणारा आक्षेप. तो मात्र वजनदार आहे. २०२४ च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने लॉगिन होण्यास अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, आणि त्या धाग्यावरून ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतील चोरवाट सापडली. ती प्रकाशित टारबॉलमध्येच होती. सबब कितीही जणांनी पॅकेज पुन्हा बांधले असते तरी चोरवाटेसह तंतोतंत तेच निघाले असते, हे मला मुकाट्याने मान्य आहे. परंतु चाचण्यांच्या फायलींत दडवलेल्या त्या चोरवाटेला जागे करणारा मजकूर गिटच्या भांडारात नव्हता. तो केवळ टारबॉलमधील 'बिल्ड-टू-होस्ट' या एम४ फायलीत होता. ही तफावत कोणाच्या नजरेत का भरली नाही? ऑटोटूल्सच्या फायली टारबॉलमध्ये जादा असणे हा नित्याचाच, निरुपद्रवी भेद होता. तो जुळवून पाहण्याचे कोणास कारणच वाटले नाही.