स्वावलंबनातला ‘स्व’ कोणाचा?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत अलीकडे मध्यमवर्गाचे एक स्वप्न जमीन शोधत फिरताना दिसते. पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा, लहानसे घर, परसात भाजीपाला, दारात गाय. स्वप्नाचे वेळापत्रकही तयार असते: पहिल्या वर्षी बोअर, दुसऱ्या वर्षी भाजी, पाचव्या वर्षी घरचे धान्य आणि मग नोकरीचा राजीनामा. या संकल्पांची टिंगल आम्हांस करावयाची नाही. आपले अन्न कोठून येते, हा प्रश्न पडणे हीच मोठी गोष्ट आहे. आमचा आक्षेप एवढाच, की यादीतील प्रत्येक संकल्पाचा कर्ता ‘मी’ असतो.

याच परिसरात सव्वाशे वर्षांपूर्वी एक निराळा संकल्प झाला होता. ‘स्त्रीधर्मनीति’च्या (१८८२) लेखिका म्हणून पंडिता रमाबाई आपल्या वर्गांत भेटतात, शेतीचा विचार करणाऱ्या रमाबाई क्वचितच भेटतात. १८८७ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य देऊ केले. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढे पुण्यास आले. पण दहा वर्षांनंतर काय? या प्रश्नापोटी रमाबाईंनी आज दौंड तालुक्यात असलेल्या केडगावी जमीन घेतली. तेथे फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा बेत होता. कोणाचे परावलंबन संपवायचे, कशावरचे आणि किती मुदतीत, हे तिन्ही मुद्दे त्यात स्पष्ट होते.

१८९६-९७च्या दुष्काळाने हा बेत पार बदलून टाकला. मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावच्या माळावर येऊन राहिल्या. बाग हाताशी येण्याआधीच खाणारी तोंडे वाढली. १९००च्या सुमारास ‘मुक्ती’तील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या गेल्या. शेतीबरोबर विणकाम, शिवण, तेलघाणा आणि छापखाना उभा राहिला. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. हिशेबाच्या वहीत मुक्ती पूर्णतः स्वयंपूर्ण झाली नाही. देणग्या लागतच राहिल्या. तिच्या धर्मप्रसारावर झालेली टीकाही नजरेआड करता येत नाही. तरीही जिला समाजाने ओझे मानले, तिच्या हाती एक कसब आले. ‘स्वयंपूर्ण’ आणि ‘स्वावलंबी’ या शब्दांतील अंतर आम्हांस येथे दिसते: पहिल्या शब्दाला कुणाचीच गरज उरत नाही, दुसरा स्वतःच्या पायांवर उभा राहूनही शेजाऱ्याचा हात धरू शकतो.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेली पाणी पंचायत हेच वेगळ्या रीतीने सांगते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी द्यायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला मनाई. येथे आधी माणसे मोजली गेली, मग पाणी, आणि पीक सर्वांत शेवटी.

आजच्या संकल्पांच्या यादीत हा क्रम उलटा असतो. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. कालव्याखालच्या हिरव्या उसापासून काही मैलांवर कोरडा माळ सुरू होतो. अशा ठिकाणी आपले बोअर शेजाऱ्याच्या विहिरीतलेच पाणी ओढत नाही ना, हे कोणी विचारत नाही. शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाची भाजी आठवडाभर गड्याचे कुटुंब शिंपते आणि त्या भाजीला ‘आमच्या श्रमाची’ म्हटले जाते. दुसऱ्याच्या घामावरचे स्वावलंबन हे जुन्या वतनदारीहून फारसे वेगळे नाही.

म्हणून ध्येये जरूर ठरवावीत. मुदत घालून, लिहून ठेवावीत. मात्र भाजी आणि गाय यांच्या आधी तीन ओळी असाव्यात: या तुकड्यावर कोण कोण जगणार, पाणी कोणाच्या वाट्याचे, आणि राबणाऱ्याचा हिस्सा किती. या ओळी लिहिताना हात अडखळला, तर जमीन घेण्याची घाई करू नये.