काकांचा हात आणि एक छेद पाचशे

काकांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि भोपाळहून काकूचा फोन आला. "पत्रिकेवर ह्यांचा फोटो हवा. स्टुडिओत यायला तयार नाहीत. तूच तुझा नवा कॅमेरा घेऊन ये." कॅमेरा नवा होता हे खरं, पण वर्षभर मी तो 'ऑटो'वर ठेवूनच वापरला होता.

काका का तयार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना कंपवात आहे. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली ज्याचं वर्णन लिहून ठेवलं, तोच. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला की सेकंदाला पाचेक वेळा हलतो. दारात कुणी आलं की काका त्यावर वर्तमानपत्र पसरतात.

खरं तर फोटोचा नाद या घरात काकांचाच. 'भेल'मध्ये होते तेव्हा त्यांच्याकडे रशियन झेनिट होता. त्याच्या चकतीवर ३०, ६०, १२५, २५०, ५०० असे आकडे होते. मला लहानपणी ती रेडिओची स्टेशनं वाटायची!

पहिल्याच संध्याकाळी काका मला बड्या तालावावर, बोट क्लबला घेऊन गेले. पाण्यात पोरं वल्ही मारत होती. "ऑटो सोड. शटर म्हणजे खिडकी. ती किती वेळ उघडी ठेवायची, ते तू ठरव. आधी समोरचं किती पळतंय ते बघ, मग आकडा लाव."

१/३० ला वल्ह्याच्या जागी नुसता पांढरट फराटा आला. १/५०० ला वल्ह्यावरून गळणारे थेंब मण्यांसारखे सुटे दिसले, पण फोटो काळाकुट्ट. का, ते काकांनी बोटांवर मोजून दाखवलं. ६० वरून १२५, मग २५०, मग ५००. दर पायरीला वेळ निम्मा, म्हणून उजेडही निम्मा. तीन पायऱ्यांत आठवा हिस्सा उरला. मग भिंगाचं छिद्र मोठं करा, तेही पुरेना झालं की आयएसओ वाढवा आणि फोटोत रवा आला तर सोसा. इतकी वर्षं वर्गात शिकवतेय, पण इतकं सरळ मला कधी समजावता आलं असेल असं वाटत नाही.

परतताना लाला दीनदयाळांचा विषय निघाला. त्यांनी इंदूरला १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला, तो ओल्या काचेच्या प्लेटांचा जमाना. समोरच्याला काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे. काका हसले. "तेव्हा मी असतो तर हाताच्या जागी धूर आला असता." हाताबद्दल ते आपणहून बोलले, ते माझ्यासमोर तरी पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या उन्हात खुर्ची टाकली. वर्तमानपत्र काकांनी स्वतःच बाजूला ठेवलं. १/५००. तेवढ्या वेळात हात एका हेलकाव्याचा जेमतेम शंभरावा भाग हलतो, म्हणजे फोटोत हललेलाच नाही. काका पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. "हाच छाप."

काकूने चष्मा लावून पाहिला. "चांगला आहे. पण हात ह्यांचा वाटत नाही. कधी बसतो का असा गप्प?"

मग संध्याकाळी, खोलीतल्या दिव्यात, दिवाळी अंकांच्या थप्पीवर कॅमेरा टेकवून १/१५ लावला. माझाच हात हलू नये म्हणून ती थप्पी. पंधराव्या भागात तो हात हेलकाव्याचा तिसरा हिस्सा पार करतो. चेहरा स्वच्छ आला, डोळेही, आणि मांडीवर धुरकट पंखासारखं काहीतरी. काकू काही न बोलता पाहत राहिली. तिने त्याची प्रत मागितली, पण पत्रिकेवर सकाळचाच छापायचं ठरलं.

"आण इकडे," म्हणून काकांनी कॅमेरा माझ्या हातून घेतला. मला धडकी भरली, महागाची वस्तू! पण या आजारात हात कामाला लागला की थरथर पुष्कळदा कमी होते, तसंच झालं. त्यांनी आकडा ६० वर आणला, कोपर छातीशी दाबलं आणि काकूला म्हणाले, "तू बघ इकडे."

काकूचा तो फोटो मी इथे आल्यावर मोठा करून पाहिला. जराही हललेला नाही.