नाबोथाचा मळा आणि तळ्याकाठचे घर

उत्तन, डोंगरी, भाईंदर या आपल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून गेली काही वर्षे एक नवे तत्त्वज्ञान मूळ धरू लागले आहे. त्याचे सूत्र थोडक्यात असे: नोकरी संपली की जेथे निवृत्तिवेतन पुरते व हवा चांगली असते तेथे जावे, गाव, चर्च, दफनभूमी या भावनेच्या गोष्टी झाल्या. वरवर पाहता हे शहाणपणाचे बोल वाटतात. माझ्या मते ते शहाणपणाचेही नाहीत आणि ख्रिस्ती तर मुळीच नाहीत.

या तत्त्वज्ञानाचे एक जगप्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. मेक्सिको देशातील हालिस्को प्रांतात चपाला नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर असल्याने तेथे ना कडाक्याची थंडी, ना काहिली. त्याच्या उत्तर काठावरील चपाला, अहिहिक या गावांत अमेरिका व कॅनडातील हजारो निवृत्त माणसे येऊन राहिली आहेत. ही काही धनिक मंडळी नव्हेत. स्वदेशात ज्यांचे निवृत्तिवेतन घरभाड्याला व औषधालाच संपून जाते, अशी ती मध्यमवर्गीय माणसे आहेत. तेच डॉलर तेथे दुप्पट पुरतात. १९५५ सालापासून त्यांची स्वतःची संस्था आहे, ग्रंथालय आहे, बागा आहेत. आपल्याकडील मंडळी हे ऐकतात आणि म्हणतात, ‘पाहा, म्हातारपण असे घालवावे!’

पण क्षणभर त्या काठावरच्या मूळ रहिवाशाचा विचार करू. अहिहिक हे कोळ्यांचे गाव. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी तेथे सुवार्ता नेली, जशी त्याच शतकात ती त्याच संघाच्या संन्याशांनी आपल्या वसई-साष्टीत आणली. तेथेही जुने चर्च आहे, संताचा सण आहे, जाळी आहेत, बोटभर लांबीची मासळी आहे. थोडक्यात, ते जगाच्या दुसऱ्या टोकाचे उत्तन आहे. परक्याची स्वस्ताई हीच त्या गावाची महागाई होय. जमिनीचे भाव डॉलरच्या हिशेबाने ठरू लागले की कोळ्याच्या मुलाला आपल्याच गावात घर बांधणे अवघड होते. आपले वृद्ध कॅनडात जाऊ पाहतात, कॅनडातील वृद्ध मेक्सिकोत येतात. मग मेक्सिकोतील कोळ्याने कोठे जावे?

हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटू नये. मुंबईत ज्यांना घर परवडेना, त्यांनी मीरा रोड आणि भाईंदर गाठले. २००१ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. या बांधवांना मी दोष देत नाही. आमची प्रार्थनामंदिरे त्यांनीच भरली आहेत. परंतु एकाची सोय दुसऱ्याच्या भातशेतावर व मिठागरावर उभी राहते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असावे?

आता हिशेबाकडे वळू, कारण हे तत्त्वज्ञान स्वतःला व्यवहारी म्हणवते. चपालाचे गणित डॉलरच्या निवृत्तिवेतनाचे आहे. आपल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कित्येकांना १९९५ च्या योजनेखाली जे वेतन मिळते, त्याची किमान मर्यादा २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरविण्यात आली. एवढ्या रुपयांना कोणत्याही खंडात तळ्याकाठचे घर मिळत नाही. म्हणून आपली माणसे मुलांच्या आधाराने ऑन्टारिओ सरोवराच्या काठी, मिसिसागा वा टोरोंटोला जातात. कॅनडाने २०११ मध्ये आईवडिलांसाठी सुपर व्हिसा सुरू केला. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षे राहता येते. मात्र त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा स्वतः काढावा लागतो, नोकरी करता येत नाही, आणि तेथील सरकारी वृद्धवेतनासाठी किमान दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची अट असते. जो माणूस येथे आपल्या घराचा कर्ता होता, तो तेथे पाहुणा होतो. तोही मुलाच्या मिळकतीवर आणि सुनेच्या सवडीवर.

मग हा खर्च निघतो कशातून? बहुधा जमिनीतून. वाडी जाते, शेताचा तुकडा जातो, शेवटी जुने घर जाते. येथे मला पहिल्या राजे ग्रंथातील नाबोथाची आठवण होते. अहाब राजाने त्याच्याकडे द्राक्षमळा मागितला, तो फुकट नव्हे. बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख चांदी देऊ केली होती. व्यवहाराच्या दृष्टीने नाबोथाने नकार देणे वेडेपणाचे होते. तरीही वडिलोपार्जित वतन विकावयाचे नसते, ते पुढच्याच्या हाती द्यावयाचे असते, या एका श्रद्धेसाठी त्याने प्राण गमावले. आज आपल्याकडे नाबोथच दलालाचा दूरध्वनी क्रमांक शोधत फिरतो! १८८७ साली आपल्या पूर्वजांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, ते आपण याच भूमीचे मूळ रहिवासी आहोत हे सरकारदरबारी ठसविण्यासाठी. भूमीच उरली नाही तर त्या नावाचा अर्थ काय राहील?

कोणी मला अब्राहामाचा दाखला देतो. तोही पंचाहत्तराव्या वर्षी हारान सोडून निघालाच ना? निघाला खरा. पण तो हाकेला ओ देऊन निघाला, चलनाचा दर पाहून नव्हे. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. परक्या देशात सारा वारली तेव्हा एफ्रोन हित्तीने दफनासाठी जमीन फुकट देऊ केली, ती अब्राहामाने नाकारली आणि चारशे शेकेल चांदी मोजून विकत घेतली. तो स्वस्ताई शोधत गेला नव्हता. जेथे गेला तेथे त्याने पूर्ण किंमत चुकविली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘येथे राहायचे तरी कसे? धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा, आगी लागल्या की धूर घरात; डोंगरीची झाडे मेट्रोच्या कारशेडपायी संकटात; दमेकरी म्हाताऱ्याने येथे मरावे काय?’ यातील प्रत्येक शब्द खरा आहे. परंतु गावाची जुनी विहीर कोठे होती, खाडी कोठवर येत असे, सातबाऱ्यावरील कोणते नाव कोणाच्या आजोबांचे, हे ज्याला ठाऊक आहे तोच उद्याच्या लढ्याचा साक्षीदार आहे. तो निघून गेला की नकाशा हाती असणाऱ्याला प्रतिवाद करणारा कोण उरतो? वृद्धाचे राहणे म्हणजे केवळ दिवस मोजणे नव्हे. जेरुसलेमच्या मंदिरात शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना वाट पाहत थांबले होते, म्हणूनच बाळ येशूला ओळखणारे कोणीतरी तेथे होते. ख्रिस्ती वार्धक्य ही सुट्टी नाही; ते एक पद आहे.

‘फादरांना ना मुले, ना जमीन, त्यांना बोलायला काय जाते?’ असेही कोणी म्हणेल. त्यांना माझे सांगणे एवढेच की एकाकी विधवा आई मुलाकडे गेली, नातवंडे सांभाळण्यासाठी आजी गेली, तर तिला बोल लावण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. माझा वाद माणसांशी नसून सूत्राशी आहे. आणि त्या सूत्राला बळ मिळाले ते आपल्या उदासीनतेमुळे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळण्यास सांगितले. आपण त्या दिवशी शाल आणि फूल देतो व उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांना टीव्हीच्या स्वाधीन करतो.

हे बदलता येईल. प्रत्येक धर्मग्रामाचे सभागृह लग्नसमारंभ नसलेल्या दिवशी वृद्धांसाठी उघडे ठेवता येईल. ख्रिस्तप्रसाद घरी नेणाऱ्या सेवकांबरोबर एक परिचारिका जाऊ शकेल. जमीन मुलांच्या नावे करणाऱ्याला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील तेविसावे कलम कोणीतरी समजावून सांगावे. सांभाळण्याची अट घालून दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मागता येते, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि जे पुत्र परदेशी आहेत त्यांनी आईवडिलांच्या तिकिटाचे व विम्याचे पैसे एकदा येथल्या त्यांच्या औषधोपचारासाठी पाठवून पाहावेत.

कोळ्याच्या घरी जाळे जुने झाले म्हणून फेकून देत नाहीत. ओसरीवर बसून ते विणतात, आणि बहुधा विणणारा हात म्हाताऱ्याचाच असतो. ती ओसरी विकू नका, एवढेच माझे मागणे आहे.