आमदारांची सीट आणि रिकाम्या लहरी

एसटीत 'विधानसभा सदस्य' लिहिलेली सीट आपण कधी रिकामी जाऊ देतो का? आमदार आले तर उठायचं, तोवर बसायचं. वायरलेस लहरींचंही असंच व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

470 ते 590 मेगाहर्ट्झचा पट्टा टीव्ही प्रक्षेपणाचा. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2014 मध्ये हिशेब मांडला: त्यातले 15 पैकी किमान 12 चॅनल देशात जवळपास सगळीकडे मोकळे! या लहरी झाडीतूनही लांब जातात. पालघरच्या गावांत त्यांवर इंटरनेट चालवूनही दाखवलं.

"गोंधळ होईल" म्हणतात. अहो, त्यासाठीच कॉग्निटिव्ह रेडिओचे नियम आहेत. आधी ऐका, मोकळं असेल तरच बोला, मालक आला की सोडा. डोंगराआडचा टॉवर ऐकू येत नाही, म्हणून डेटाबेसलाही विचारा. दोघांचा डोळा एकाच चॅनलवर असेल तर पाळी लावा. रुमाल टाकून जागा अडवायची नाही.

अमेरिकेने 2008 मध्येच दार उघडलं. आपली गाडी प्रयोगापुढे जात नाही. सरकारने हा पट्टा नियम घालून गावांसाठी खुला करावा. सीट रिकामी आणि गावकरी दांड्याला लोंबकळतोय, हे किती दिवस चालायचं?