जिना चढू का, डॉक्टर?

2 जानेवारी 2021. कोलकात्यात घरी व्यायाम करताना माजी क्रिकेट कर्णधार सौरव गांगुली यांना हृदयविकाराचा झटका आला. वय 48. वुडलँड्स रुग्णालयात एक स्टेंट, त्याच महिन्यात अपोलोत आणखी दोन. तरीही ‘दादा’ पुन्हा कामाला लागले.

सामान्य रुग्णाचं मात्र घरी आल्यावर अडतं. जिना चढू का? बाजाराची पिशवी उचलू का? छातीत जरा चमकलं की दरदरून घाम फुटतो. घरचे काळजीपोटी हातातलं काम काढून घेतात आणि चहाच्या ठेल्यावर रोज अड्डा जमवणारा माणूस घरात कोंडला जातो. हृदय-पुनर्वसनाचं खरं काम इथं आहे: देखरेखीखाली व्यायाम, समुपदेशन, समदुःखी चारचौघांची सोबत.

भारतातल्या 24 केंद्रांत 3,959 रुग्णांवर झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीत तीन महिन्यांत योगावर आधारित पुनर्वसनाचे 13 वर्ग होते. मृत्यू किंवा पुन्हा झटका यांत ठोस फरक दिसला नाही. पण रुग्णांना तब्येत अधिक बरी वाटू लागली, नेहमीची कामं त्यांनी पुन्हा हाती घेतली.

हे यश दुय्यम मानू नये. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांखाली पुनर्वसन वर्गाची तारीखही हवी, आणि त्या वर्गाला घरच्यांनाही बोलावणं हवं.